बंद खदानीत झाड नेमकं कधी लावायचं? चार वर्षांचा अनुभव आणि अडलेले प्रश्न

बरडावरची | ४ मे, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, नेर आणि दारव्ह्याच्या मधल्या बरडावर. गावाच्या उगवतीला ई-क्लासच्या (गावाच्या सामायिक वापराच्या सरकारी) जमिनीवर गिट्टीची खदान होती. रस्त्याचं काम संपलं, क्रशर उठला आणि मागे साडेतीन एकरांचा खड्डा राहिला. एका बाजूला तीस-पस्तीस फुटांची उभी काळी कड, तळाला उघडा दगड, मधे चुरीचे ढीग, एका कोपऱ्यात पावसाच्या पाण्याचं डबकं. आठ वर्षं तिथं कुणी फिरकलं नाही.

मग आम्ही दहा-बारा जण लागलो. पहिल्या पावसाळ्यात पाचशे रोपं लावली. रोपवाटिकेत जी मिळाली ती आणली: गुलमोहर, काशिद, सुबाभूळ, थोडे करंज. सब्बलीच्या एका घावाला मूठभर दगड निघायचा, तरी फूटभर खोल खड्डे घेतले. पोळ्यापर्यंत सगळं हिरवं होतं. शाळेतली मुलं मी रांगेनं दाखवायला नेली होती.

पुढच्या नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात तापत्या दिवसांत, दुपारी तीन वाजता गेले. दगडाला हात लावून पाहिला तर ठेववेना. रोपाचं खोड जिथं दगडाला टेकलं होतं तिथंच भाजून काळं पडलेलं, वरचा भाग मागाहून वाळलेला. पाचशेतली अकरा जिवंत होती. त्यातले सात करंज, तेही डबक्याच्या काठचे. मी तिथंच सावली शोधून बसले, कारण घरी जाऊन काय सांगायचं ते सुचत नव्हतं.

बसल्या जागेवरून जे दिसलं त्यासाठी हा धागा काढलाय. आम्ही न लावलेलं बरंच काही जिवंत होतं. कडेच्या भेगेतून पिंपळ आणि उंबर बाहेर आलेले. चुरीच्या पायथ्याशी रुई आणि तरवड. आणि वरच्या काठावर, जिथं मशीन पोचलंच नाही त्या पट्ट्यात, पळस, हिवर, आपटा, घोटबोर, सालई, आणि त्यांच्या पायाशी वाळलेली कुसळी. तोच दगड, तेच ऊन, पाणी द्यायला कुणी नाही. फरक एवढाच की तिथं चार बोटं माती होती आणि ती गवतानं धरून ठेवली होती.

दुसऱ्या वर्षी आम्ही एकही झाड लावलं नाही. गावात यावरून बरीच नाराजी झाली. खदानीतलेच टाकाऊ बोल्डर उताराला आडवे रचले, अगदी जवळजवळ नाही, पंधरा-वीस पावलांवर एकेक ओळ. तलावातला गाळ चार ट्रॉल्या आणला. तो निव्वळ टाकला तिथं फसला: उन्हाळ्यात काळा गाळ आक्रसतो, दगडापासून सुटतो आणि भेगेत मुळं तुटतात. जिथं अर्धा मुरूम मिसळला तिथं टिकला. त्यावर दिवाळीनंतर गोळा केलेलं कुसळी आणि पवन्याचं बियाणं फेकलं. कुसळीचं बी कधी ओल्या हातावर ठेवून बघा. शेपटीला पीळ असतो, ओल लागली की तो उलगडायला लागतो आणि बी गिरमिटासारखं फिरतं. पेरायला माणूस लागतच नाही, ते स्वतःच भेगेत घुसतं.

तिसऱ्या वर्षी त्या गवतात पळस टोकला, रोप न आणता थेट बी. आणि इथं आमच्याकडून मोठी चूक झाली. एप्रिलमध्ये सगळे पळस वाळून काडी झाले. मेले म्हणून आमच्यातल्या दोघांनी उपटायला सुरुवात केली. वर वीतभर काडी, पण खाली गाजराएवढं जाड मूळ, ओलं, मोडलं तर आत पांढरं. पळस पहिली काही वर्षं असाच वागतो. वरचा शेंडा उन्हाळ्यात सोडून देतो, कमाई सगळी मुळात साठवतो. आम्ही जवळपास चाळीस जिवंत झाडं उपटली होती. उरलेली जूनमध्ये पुन्हा फुटली.

आता चौथं वर्ष. तळाचा निम्मा भाग गवतानं धरलाय. प्रश्न तीन आहेत. चुरीच्या ढिगावर काहीच येत नाही, पाऊस पडला की वर सिमेंटसारखा पापुद्रा धरतो. उभ्या कडेचं काय करायचं, पोकलेन लावून उतार करावा का? आणि बकऱ्या. गावात तीनशेच्या वर बकऱ्या आहेत, त्यांना कायम बंदी घालता येत नाही आणि घालणं बरोबरही वाटत नाही.

गवताची_काडी | ४ मे, रात्री १०.०२

ताई, वाचून फार बरं वाटलं. मी वर्धा जिल्ह्यातली, बारा वर्षं गवताचं बियाणं गोळा करतेय. लोकांना ‘हिरवं’ म्हटलं की झाडच आठवतं, आणि पडीक म्हटलं की गवताळ बरड. जिथं तुमची खदान आहे तिथं मुळात दाट जंगल नव्हतंच, विरळ झाडांचं माळरान होतं. ते परत आणायचं तर गवत हेच मुख्य पीक.

एक सुचवते. फक्त कुसळीवर थांबू नका. कुसळी लवकर येते पण जून झाली की जनावर तोंड लावत नाही, कुसं टोचतात. पवन्या हळू येतो पण चारा म्हणून खूप सरस. जिथं गाळ वीतभर साचलाय तिथं मारवेल लावा, त्याचं बियाणं भरवशाचं नसतं, म्हणून पावसात ठोंब फोडून लावायचे. आणि फेब्रुवारीच्या आत कडेनं पाच-सहा हातांची जाळरेषा कापून घ्या. वाळलेल्या कुसळीत एक विडी पडली तर चार वर्षांची मेहनत तासाभरात जाते. आमची गेलीय.

वऱ्हाडी_गडी | ४ मे, रात्री १०.४०

ताई, मी बकऱ्यावाला माणूस आहो, अकोल्याकडचा. माह्याजवळ साठ बकऱ्या हायेत. लोकं म्हंतात बकरी जंगल खाते. खाते, खरं हाय. पण हिवर अन् बाभूळ पेरतेही तेच. शेंगा खाल्ल्या की बी पोटातून नरम होऊन येते. रातच्याले जिथं बकऱ्या बसतात तिथल्या लेंड्या झाडून पाहा, बी सापडन. ते बी ताबडतोब उगवते. तुम्ही गरम पाण्यात भिजवता तेच काम ते फुकटात करते.

म्हणून माह्यं म्हणणं असं हाय की बंदी घालू नका, पाळी ठरवा. आत्ता मे मंधी मेंढ्यावाले येऊन रायले आपल्या भागात. वावरात बसवतो तशा त्याइच्या मेंढ्या आठ-दहा रात्री खदानीच्या तळाले बसवा. पैसे लागतीन, नाही तं धान्य द्या. लेंडी, मूत, लोकरीतून आलेलं गवताचं बी, सगळं एकाच झटक्यात मिळते. पाऊस पडला की बाहेर. मंग दिवाळीपावतर एकही जनावर आत नाही. गवत कापून न्याचं, चाराचं नाही. आमच्या गावात हे पटलं कारण बकरीवाल्याइलेच राखणदार केलं. ज्याची बकरी, त्याचाच पहारा.

बरडावरची | ४ मे, रात्री ११.१५

भाऊ, हे मेंढ्यांचं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. गावाबाहेर दोन कळप उतरलेत सध्या. उद्याच विचारते.

संत्रानगरी | ५ मे, सकाळी ७.३०

चुरीबद्दल. नागपूरच्या नीरीनं (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनं) सावनेर तालुक्यातल्या गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर झाडं उभी केली होती, त्या कामाबद्दल आम्हाला एमएस्सीला शिकवलं होतं. त्यात साखर कारखान्यातली मळी (प्रेसमड, उसाचा रस गाळून उरलेला चोथा) सेंद्रिय भर म्हणून मिसळली आणि रोपांच्या मुळांशी नत्र स्थिर करणारे जिवाणू आणि मायकोरायझा बुरशी दिली. मळीमुळे ढिगाऱ्यात पाणी धरायची ताकद येते. बुरशीचे तंतू मुळापेक्षा कितीतरी बारीक फटीत शिरतात आणि स्फुरद, पाणी आणून देतात. उकरलेल्या दगडात ही बुरशी नसतेच, म्हणून चांगलं रोपही उपाशी राहतं.

तुमच्याकडे एक मोठी सोय आहे. मँगनीजच्या ढिगात धातूचा त्रास असतो, बेसाल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या दगडाच्या, चुरीत तसं विष नाही. आपली काळी कसदार माती याच दगडाची लेक आहे, कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह सगळं त्यात आहे. नाही तो नत्र, आणि नाही ते कुजलेलं. त्यामुळे प्रश्न खताच्या पोत्याचा नाही. पापुद्रा पहारीनं फोडून त्यात शेणखत आणि सोयाबीनचं कुटार (भुसा) मिसळा. मग पहिल्या पावसाला ताग पेरा, फुलावर आला की तिथंच आडवा करा. सोबत उन्हाळी पेरा, शरपुंखा म्हणतात ती. रस्त्याच्या गिट्टीत उगवणारी आपली देशी वनस्पती आहे, मुळांवर नत्राच्या गाठी असतात. आणि वरच्या काठावरच्या जुन्या पळसाखालची ओंजळ-ओंजळ माती प्रत्येक खड्ड्यात टाका. विकतचं कल्चर मिळालं नाही तरी तुमच्या गावची बुरशी त्यात आहे. फक्त एकाच झाडाखालून सगळी खरवडू नका.

चुरी फोडताना नाकातोंडाला ओला दुपट्टा बांधा. ती धूळ फुप्फुसाला वाईट.

सीताफळ_बाग | ५ मे, सकाळी ९.०५

माझा थोडा वेगळा मुद्दा. देशी-विदेशी ठीक, पण गावाला चार पैसे मिळाले नाहीत तर पाचव्या वर्षी राखण कोण करणार? अशा मुरमाड जागी सीताफळ उत्तम येतं, बकरी पानाला तोंड लावत नाही, पाणी लागत नाही. अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरचं उदाहरण घ्या. २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यावर त्यांनी उजाड झालेलं रान राखलं, आणि तिथल्या सीताफळाचं उत्पन्न गावाला मिळू लागलं. सीताफळ मूळचं अमेरिकेतलं आहे हे मला माहीत आहे, पण शेकडो वर्षं ते आपल्या बरडावर आहे.

गवताची_काडी | ५ मे, सकाळी ९.४८

पायविहीरच्या लोकांबद्दल मलाही फार आदर आहे. पण त्यांनी आधी काय केलं ते पाहा: चराई आणि तोड आवरली, रान राखलं. फळ नंतर आलं. खदानीत सगळीकडे सीताफळ लावलं तर ती बाग होईल, बरड होणार नाही. आणि उत्पन्न देशी झाडांतही आहे की. चारोळीचं झाड, मोह, बिबा, बेल, टेंभुर्णी. पळसाच्या पानांच्या पत्रावळी अजून विकल्या जातात. उत्पन्नासाठी पंधरा वर्षं थांबावं लागेल हे खरं आहे, ते मी लपवणार नाही. तोवर चारा. पवन्याच्या पेंढ्या उन्हाळ्यात विकल्या जातात, ते पहिलं उत्पन्न.

बरडावरची | ५ मे, दुपारी १.२०

माझ्या मते रस्त्याकडच्या पाव एकरात, जिथं गाळ जास्त आहे, तिथं सीताफळ आणि बेल लावायला हरकत नाही. गावातल्या बायांनाही ते हवंय. बाकी तीन एकर बरडच राहू दे. सुबाभूळ मात्र पुन्हा नाही. पहिल्या वर्षीच्या जगलेल्या अकरात दोन सुबाभूळ होते, त्यांनी आता आजूबाजूला रोपांची गर्दी केलीय. ती दर पावसाळ्यात उपटतोय.

पाखरवेडा | ५ मे, दुपारी २.५५

उभ्या कडेबद्दल हात जोडून विनंती: पोकलेन लावू नका. निदान वर्षभर सकाळ-संध्याकाळ तिथं बसून पाहा आधी. शृंगी घुबड अशाच खदानींच्या कपारीत, उघड्या दगडावर अंडी घालतं. हिवाळ्यात संध्याकाळी कडेवरून घुमणारा आवाज आला तर समजा जोडी आहे. कडेखाली उंदरांची हाडं, केसांच्या गोळ्या पडलेल्या सापडतील. आजूबाजूच्या वावरातले उंदीर तेच घुबड खातं, म्हणजे शेतकऱ्याचंच काम करतं. जिथं कड मुरमाची आहे तिथं वेडे राघू भोकं पाडून घरटी करतात, आत्ता मे महिन्यात त्यात पिल्लं असतील. पाकोळ्या दगडाच्या छताखाली. झाडं परत आणताना ज्यांनी खदानीला घर केलंय त्यांना बेघर करू नका.

दोन_लेकरांची_आई | ५ मे, दुपारी ४.१०

पाखरं राहू द्या, पण लेकरांचं आधी बघा. आमच्या तालुक्यात दरवर्षी कुठल्या ना कुठल्या खदानीत पोहायला गेलेलं पोरगं बुडतं. त्या डबक्याला काठ असतो का? नसतोच. सरळ कापलेला दगड, पडलं की धरायला काही नाही. ताई, तुम्ही शाळेत शिकवता ना, कृपा करून हे मनावर घ्या.

बरडावरची | ५ मे, सायंकाळी ६.३०

तुमचं बरोबर आहे, आणि यावर आम्ही उशिरा काम केलं याचं मला वाईट वाटतं. डबक्याच्या एका बाजूला बोल्डर आणि मुरूम टाकून उतार केलाय, आत पडलेलं जनावर आणि माणूस दोन्ही बाहेर येऊ शकतं. वरच्या काठावर हेकळ, सागरगोटा आणि थोराचं कुंपण धरतंय. सागरगोट्यात शिरायची कुणाची हिंमत होत नाही. पण ते पूर्ण व्हायला अजून दोन पावसाळे लागतील, तोवर बोरीच्या काट्यांच्या फांद्या रचून ठेवल्यात आणि दर महिन्याला त्या नव्या घालतो.

कड राहू देऊ. पाखरवेडा, केसांच्या गोळ्या मी पाहिल्यात. मांजराच्या समजत होते.

सालईचा_डिंक | ५ मे, रात्री ८.००

दगडात खड्डा घेण्याबद्दल एक अनुभव जोडतो. जोधपूरला मेहरानगड किल्ल्याजवळ राव जोधा डेझर्ट रॉक पार्क आहे. २००६ मध्ये प्रदीप क्रिशन यांनी तिथं सुमारे ७० हेक्टर खडकाळ जागेवर काम सुरू केलं. तोही ज्वालामुखीचाच दगड, रायोलाइट. सगळीकडे विलायती बाभूळ माजलेली. ती काढायला त्यांनी तिथल्या पिढीजात खाणकाम करणाऱ्या खांडवालियांना बोलावलं. ते लोक दगडावर घाव घालून आवाजावरून ओळखायचे की खाली भेग कुठं आहे, ठोकळा कुठं आहे. विलायती बाभूळ निघालेल्या त्याच खड्ड्यांत मग मारवाडच्या खडकात वाढणारी देशी झाडं लावली.

आपल्याकडे वडार समाजातली वयस्कर माणसं हेच करू शकतात. आमच्या भागातल्या एका आजोबांना मी विचारलं होतं. घण हलका आपटून ते म्हणाले, “हा गातोय, सोड. हा बसक्या आवाजात बोलतोय, इथं घे.” त्यांनी दाखवलेल्या बसक्या आवाजाच्या जागी सब्बल सहज गेली आणि पुढे झाडही तिथंच जगलं. सरळ रेषेत दहा-दहा फुटांवर चुना टाकून खड्डे घेणं खदानीत चुकीचं आहे. भेग असेल तिथं झाड, मग ती रांग वाकडी का होईना.

आणि सालई, मोईन बियाणानं करू नका. मनगटाएवढी जाड खांदी पावसाच्या तोंडावर कापून दोन-तीन दिवस सावलीत ठेवायची आणि हातभर खोल रोवायची. मोईन तर कुंपणाच्या खुंट्यालाही पालवी फुटते. सालईला बकरी सहसा तोंड लावत नाही.

बरडावरची | ५ मे, रात्री ८.३५

आमच्या गावात वडारवाडा आहे. त्याच खदानीत आयुष्य घालवलेली माणसं आहेत त्यात. चार वर्षांत आम्ही त्यांना एकदाही बोलावलं नाही, आज वाचून लाज वाटली. उद्या जाते, आणि मजुरी ठरवूनच जाते.

महसुली_कागद | ५ मे, रात्री ९.२०

मी महसूल खात्यातून निवृत्त. कागदाचं बोलतो, कारण झाडं मोठी झाल्यावर तंटे होतात. सातबारा काढून जमीन कुणाच्या नावे आहे ते पक्कं करा. ई-क्लास असेल तर ग्रामसभेचा ठराव हवा, नुसता सरपंचाचा शब्द नको. ठरावात गवत कोण कापणार, किती दरानं, हेही लिहा.

दुसरं, पुढच्या खदानींसाठी. सर्वोच्च न्यायालयानं ८ जानेवारी २०२० रोजी केंद्र सरकारला आदेश दिला होता की खाणपट्टा देताना अट घालावी: खाणकाम संपल्यावर पट्टेधारकानं जागेवर पुन्हा गवत उगवावं, जेणेकरून चारा, झाडं, प्राणी यांना ती योग्य होईल. आदेशात गवताचाच उल्लेख आहे, हे या धाग्यात मुद्दाम सांगतोय. त्याआधी २०१२ मध्ये दीपक कुमार प्रकरणात पाच हेक्टरांखालच्या गौण खनिजाच्या (गिट्टी, मुरूम, वाळू वगैरे) पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागेल असं त्याच न्यायालयानं म्हटलं होतं. म्हणून तुमच्या भागात नवी खदान मंजूर होत असेल तर मंजुरीचा कागद मागा. वरची माती वेगळी रचून ठेवायची अट त्यात आहे का बघा, आणि पहिल्या दिवशीच जाऊन ती माती कुठं टाकतायत ते पाहा. एकदा ती चुरीखाली गेली की सगळं तुमच्यासारखं गाळ आणून करावं लागतं.

बरडावरची | ७ मे, रात्री ९.५०

दोन दिवसांत झालं ते सांगते. मेंढ्यांचा एक कळप २० तारखेपासून दहा रात्री बसणार आहे, बदल्यात दोन पोती ज्वारी. वडारवाड्यातले दोन काका आणि एक मावशी काल सकाळी आले. मावशींनी घण हातात घेऊन तासाभरात चाळीस जागांवर शेणाचे ठिपके दिले. त्यातल्या निम्म्या जागा आम्ही कधी निवडल्याच नसत्या, कारण वरून सपाट दगड दिसतो. मी सब्बल मारून पाहिली, पहिल्याच घावात पाऊणभर आत गेली. मावशी म्हणाल्या, “इथं आम्ही सुरुंग भरला होता, उडाला नाही.” त्या दगडाची त्यांना अशी ओळख आहे.

या चाळीस जागी पळस, हिवर आणि आपट्याचं बी, सोबत वरच्या काठची माती, आणि खोडाभोवती चपट्या दगडांऐवजी कुटार, कारण पहिल्या वर्षीचं ते भाजलेलं खोड मी विसरलेले नाही. चुरीच्या एका ढिगावर ताग आणि उन्हाळी, दुसरा तसाच सोडणार, म्हणजे फरक कळेल.

पळसाच्या शेंगा आता वाळून गळायला लागल्यात. रविवारी सकाळी सहाला गोळा करायला निघू. बी फार दिवस टिकत नाही, याच पावसाला टोकायचं आहे. आमच्या गरजेपेक्षा जास्त मिळतील, कुणाला हव्या असतील तर सांगा.

वऱ्हाडी_गडी | ७ मे, रात्री १०.०५

मले दोन किलो ठेवा ताई. आमच्या गावामागंही एक मुरमाची खदान हाय. मृगाच्या आधी येतो, अन् हिवराच्या लेंड्या पोतंभर घेऊन येतो.